गाडी लीजवर की मालकीची: दोघांच्या हिशेबाने पाहिलं तर

आमची पहिली गाडी कर्जावर घेतलेली होती. हप्ता नवऱ्याच्या खात्यातून जायचा. पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग माझ्याकडे. महिन्याकाठी दोघांचे जवळपास सारखेच पैसे जात, म्हणून वाटणी बरोबर आहे असं आम्ही धरून चाललो होतो. पाच वर्षांनी गाडी विकली आणि रक्कम त्याच्या खात्यात जमा झाली, कारण कागदावर नाव त्याचं. त्याच्या हप्त्यांची किंमत शिल्लक राहिली होती, माझं पेट्रोल जळून गेलं होतं. मी विषय काढला तेव्हा त्यानं अर्धे पैसे लगेच दिले. पण विषय काढायलाच मला दोन आठवडे लागले.

लीज आणि मालकी यांतला खरा फरक जोडप्यासाठी इथेच आहे. लीजवर तुम्ही फक्त वापराचे पैसे देता. मुदत संपली की गाडी परत जाते आणि कोणाच्याच हाती काही उरत नाही. त्यामुळे भाडं कोणी भरलं आणि पेट्रोल कोणी, याने फरक पडत नाही. बेरीज करायची आणि वाटून घ्यायची. मालकीच्या गाडीत मात्र शेवटी काहीतरी उरतं, आणि ते कोणाचं हे आधी ठरवावं लागतं.

म्हणून लीज सोपी? महिन्याच्या हिशेबापुरती, हो. भांडण होतं ते किलोमीटरवरून. समजा तीन वर्षांसाठी 45,000 किलोमीटरची मर्यादा आहे आणि गाडी 52,000 चालली. वरच्या 7,000 चे पैसे प्रत्येक किलोमीटरमागे मोजावे लागणार. एकानं 34,000 चालवली, दुसऱ्यानं 18,000. मर्यादा निम्मी-निम्मी धरली तर प्रत्येकाच्या वाट्याला 22,500; म्हणजे दुसऱ्यानं आपल्या वाट्यातलेही 4,500 सोडले आहेत. माझ्या मते हा सगळा जादा आकार पहिल्यानेच भरावा. पण हे गाडी परत करताना सांगितलं तर कोणालाही झोंबेल, करार करतानाच बोललेलं बरं. ओरखडे, पोचे, झिजलेले टायर यांचं शुल्कही परत करतानाच समोर येतं.

दोघांनी सही केली असेल तर एकाने भरायचं थांबवल्यावर पूर्ण रक्कम सहसा दुसऱ्याकडूनही मागता येते. कर्जालाही हेच लागू. फरक असा की मालकीची गाडी विकून कर्ज फेडता येतं (किंमत कर्जापेक्षा कमी आली तर वरचे पैसे खिशातून), तर लीज मधेच मोडायला बहुधा मोठा दंड पडतो. नातं अजून नवं असेल तर मी एकाच्याच नावावर लीज घेईन आणि दुसऱ्याकडून वापरापुरते पैसे घेईन.

मालकीची गाडी घेणार असाल तर खर्चाचे दोन भाग करा. हप्ता, विमा, कर हे गाडी उभी असली तरी लागतात. ते कमाईच्या प्रमाणात वाटा. एकाची कमाई 60 आणि दुसऱ्याची 40 असेल तर तसेच वाटे. पेट्रोल, टायर, सर्व्हिसिंग चालवण्यावर अवलंबून, ते किलोमीटरनुसार. विक्रीची रक्कम हप्त्याच्याच प्रमाणात, आणि शक्य असेल तर नोंदणीही दोघांच्या नावावर.

रोज लांब जाणारं कोणी घरात असेल तर मर्यादेची लीज टाळावी. सात-आठ वर्षं गाडी ठेवायची असेल तर मालकीच परवडते, कारण किंमत सर्वांत जोरात उतरते ती सुरुवातीच्या वर्षांत. हप्ते संपल्यावरची वर्षं स्वस्तात जातात. दर तीन वर्षांनी नवी गाडी हवी असेल आणि फिरणं बेताचं असेल, तर लीज.

आता आमच्या गाडीच्या कप्प्यात एक छोटी वही आणि दोरीला बांधलेलं पेन आहे. उतरताना मीटरचा आकडा आणि नावाचं आद्याक्षर लिहायचं, एवढंच. सुट्टीची एकत्र सहल असेल तर दोन्ही अक्षरं.