कोई पाँडसाठी एपीआयचं टेस्ट किट: कोणतं घ्यावं आणि आकडा कसा वाचावा

कोई, म्हणजे शोभेचा रंगीत कार्प मासा, पाण्याच्या वरच्या थरात येऊन तोंड उघडझाप करायला लागला किंवा पंख मिटून कोपऱ्यात बसला, की बहुतेक जण आधी औषधाच्या दुकानात जातात. पाणी तपासलं का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "पाणी तर एकदम काचेसारखं आहे." पण माशांकडून पाण्यात सुटणाऱ्या अमोनियाला रंग नसतो, त्यापासून होणाऱ्या नायट्राइटलाही नसतो. तळ दिसणाऱ्या पाण्यातही माशांचे कल्ले जळत असतात. म्हणून पाँडवर पहिला खर्च करायचा तो थेंबांच्या टेस्ट किटवर. भारतात सहज मिळणाऱ्या किटमध्ये एपीआयचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं.

या कंपनीची दोन किट बाजारात दिसतात आणि इथेच घोळ होतो. 'पाँड मास्टर' हे नाव वाचून पाँडवाले तेच उचलतात. त्यात पीएच, अमोनिया, नायट्राइट आणि फॉस्फेट एवढ्या चाचण्या आहेत. फॉस्फेटचा संबंध शेवाळाशी, माशाच्या तब्येतीशी थेट नाही. 'फ्रेशवॉटर मास्टर'वर मत्स्यालयाचं चित्र असलं, तरी त्यात साधा पीएच, जास्त पीएच, अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट आहे. कोईसाठी हेच घ्यावं. किंमत चार आकडी आहे, पण आठशेच्या वर चाचण्या निघतात, म्हणजे एका चाचणीचा खर्च कटिंग चहापेक्षाही कमी. पट्ट्यांच्या नादी लागू नये. याच कंपनीच्या पाच चाचण्यांच्या एका पट्टीत अमोनियाच नाही, आणि कोकणातल्या पावसाळी हवेत डबी चार वेळा उघडली की पट्ट्या दमट होऊन भलतेच रंग दाखवतात.

आता वापर. अमोनियासाठी नळीत खुणेपर्यंत ५ मिली पाणी, पहिल्या बाटलीचे ८ थेंब, दुसरीचे ८ थेंब, झाकण लावून पाच सेकंद हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. नायट्राइटला एकच बाटली, ५ थेंब, तेवढाच वेळ. बाटली उलटी, सरळ उभ्या रेषेत धरून थेंब सोडायचे, कारण तिरकी धरली की थेंबाचा आकार बदलतो. नळीचं तोंड अंगठ्याने बंद करून हलवायची सवय अनेकांना असते. ती दोन कारणांनी वाईट: बोटावरचा घाम पाण्यात मिसळतो आणि या द्रावणांत आम्ल किंवा कॉस्टिक असतं. रंग पाहताना नळी किटमधल्या रंगांच्या कार्डाच्या पांढऱ्या भागाला टेकवून, दिवसाच्या उजेडात. पिवळ्या एलईडीखाली प्रत्येक अमोनिया हिरवट दिसतो. अर्ध्या तासाने येऊन पाहिलं तर रंग गडद झालेला असतो, तो आकडा धरायचा नाही.

नायट्रेटची चाचणी सगळ्यात जास्त चुकते. तिच्या दुसऱ्या बाटलीत तळाशी घट्ट बसणारा भाग असतो. तो न हलवता थेंब टाकले, तर चाचणी शून्याजवळचा पिवळा रंग दाखवते आणि मालक खूश होतो. पद्धत अशी: पहिलीचे १० थेंब टाकून नळी उलटसुलट करा, मग दुसरी बाटली तीस सेकंद जोरात हलवा, बराच काळ पडून असेल तर आधी टेबलावर आपटा, १० थेंब टाका, नळी पूर्ण एक मिनिट हलवा आणि पाच मिनिटं थांबा. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. फिल्टर बरेच महिने चालू आहे, खाणं रोज पडतंय आणि नायट्रेट तरीही शून्य येतंय, तर समजा बाटली नीट हलली नाही.

या किटचा खरा उणेपणा अमोनियाच्या खालच्या टोकाला आहे. कार्डावर शून्य पिवळा आणि ०.२५ किंचित हिरवट पिवळा, या दोघांत भांडण लागतं. पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर घेऊन त्याचीही तीच चाचणी शेजारच्या नळीत करा. दोन नळ्या पांढऱ्या कागदावर जोडीने धरल्या की फरक आहे की नाही ते डोळ्याला लगेच कळतं. कार्डापेक्षा हे कितीतरी भरवशाचं.

दुसरी गोष्ट किटच्या माहितीपत्रकात ठळक नाही, पण सगळं तिच्यावर अवलंबून आहे. किट दाखवतं तो एकूण अमोनिया. त्यातला मुक्त अमोनिया तेवढा माशाला मारक, आणि त्याचं प्रमाण पीएच आणि तापमान ठरवतात. पाणी २८ अंश सेल्सिअसला असेल, तर पीएच ७ ला एकूणपैकी जेमतेम ०.७ टक्के मुक्त असतो, ८ ला साडेसहा टक्के, ८.५ ला १८ टक्के आणि ९ ला थेट ४१ टक्के. मुक्त अमोनिया ०.०२ पीपीएमच्या (म्हणजे लिटरमागे ०.०२ मिलिग्रॅमच्या) आत असावा असं सर्वसाधारणपणे धरतात. आता कार्डावर ०.५ आलं. पीएच ७ असेल तर मुक्त अमोनिया ०.००३५, चिंता नाही. पीएच ८.५ असेल तर ०.०९, मर्यादेच्या चौपट. कार्डावरचा हिरवा दोन्हीकडे सारखाच! म्हणून अमोनियाच्या आकड्यासोबत पीएच आणि तापमान वहीत लिहिलं नाही, तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

शेवाळाने हिरव्या झालेल्या पाँडमध्ये पीएच दिवसभर हलतो: पहाटे सर्वात कमी, दुपारी चारच्या सुमारास सर्वात जास्त. चाचणी सकाळी चहाच्या वेळी करून "सगळं ठीक" म्हणणारे इथेच फसतात. साध्या पीएचची बाटली ७.६ ला संपते, तिथे पोचलात तर जास्त पीएचची वापरा. ती ७.४ ते ८.८ दाखवते. उन्हाळ्यात हिरवा पाँड दुपारी ९ च्या वर जाऊ शकतो, तेव्हा कार्डाचा शेवटचा रंग आला की "८.८ किंवा जास्त" असंच वाचायचं.

फिल्टर बंद पडला तर किती वेळ आहे, याचा हिशोबही किट येण्याआधी करून ठेवावा. ४० टक्के प्रथिनांचं १ किलो खाणं साधारण ३७ ग्रॅम अमोनिया तयार करतं. १०,००० लिटरच्या पाँडमध्ये रोज १०० ग्रॅम खाणं पडत असेल, तर दिवसाला ०.४ पीपीएमच्या आसपास भर. वीज रात्रभर गेली, पंप थांबला, की फिल्टरमधले जिवाणू प्राणवायूविना मरायला लागतात. वीज आल्यावर पंप सुरू करून निर्धास्त झोपायचं नाही. आधी फिल्टरमध्ये साचलेलं कुजकं पाणी बाहेर सोडायचं, त्या दिवशी खाणं बंद आणि पुढचे तीन-चार दिवस रोज अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं. नायट्राइट दिसला तर १००० लिटरला १ किलो खडे मीठ, म्हणजे ०.१ टक्का. मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत जाऊ देत नाही. पाँडमध्ये कमळं असतील तर ती रुसतील.

केएच, म्हणजे पाण्याची पीएच धरून ठेवायची ताकद, या किटमध्ये नाही, आणि एपीआयने ती का वगळली ते कळत नाही. बाटली वेगळी घ्यावीच. ५ मिली पाण्यात एकेक थेंब टाकत जायचं. निळ्याचा पिवळा झाला, की जितके थेंब तितके अंश. मुंबईचं धरणाचं पाणी मऊ, तिथे १० मिली पाणी घ्या आणि थेंबांचा आकडा निम्मा करा, म्हणजे अर्ध्या अंशाचा फरकही कळतो. देशावरच्या बोअरच्या पाण्यात सहसा केएच भरपूर असतो. पण फिल्टर तो रोज खात असतो आणि पावसाळ्यात उघड्या पाँडमध्ये पाऊस तो धुऊन नेतो. केएच ४ च्या खाली आला तर १००० लिटरला ३० ग्रॅम खाण्याचा सोडा टाकला की एक अंश वाढतो. दिवसाला एवढाच. धुण्याचा सोडा चुकूनही नको, पीएच एकदम उडी मारतो. आणि सोडा टाकण्यापूर्वी अमोनिया तपासा. पीएच ६.८ वर २ पीपीएम अमोनिया निपचित पडलेला असतो, पीएच ८ कडे सरकला की तोच जीवघेणा होतो. तशा वेळी आधी पाणी बदला, मग सोडा.

पाणी बदलायचं म्हटलं की क्लोरीन आला, तोही या किटमध्ये नाही. गावोगावी जलसुरक्षक जी ओ.टी. (ऑर्थोटोलिडीन) चाचणी करतात, त्याचं द्रावण स्वस्तात मिळतं. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. १ पीपीएम क्लोरीनला १००० लिटरमागे ७ ग्रॅम हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे, बादलीत विरघळवून, नळ सोडण्याआधी.

घरातल्या टाकीत स्टर्जन, म्हणजे थंड पाण्यातला मोठा मासा, ठेवणाऱ्यांसाठी हे किट अर्धंच काम करतं. चिलरने पाणी १८ अंशांवर ठेवलं तर पीएच ८ ला मुक्त अमोनिया ३.३ टक्क्यांवर येतो, ही चांगली बाजू. पण थंड पाण्यात जिवाणूही सुस्त, त्यामुळे नवीन टाकीत नायट्राइट आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. त्यावर आधी पाणी बदलणं हाच उपाय. पाँडच्या बऱ्याच औषधांच्या लेबलवर स्टर्जन असतील तर वापरू नका अशी सूचना असते, ती वाचा. स्टर्जन प्राणवायूच्या बाबतीत कोईपेक्षा हळवा, आणि या किटमध्ये प्राणवायूची चाचणी नाही. १८ अंशांना पाणी जास्तीत जास्त साडेनऊ मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू धरतं, ३० अंशांना साडेसात. उघड्या पाँडमध्ये एप्रिल-मेच्या उन्हात स्टर्जन ठेवायचा विचारच करू नये, किट कितीही चांगलं असलं तरी.

विकत घेताना बाटल्या पाहून घ्या. मुदत छापलेली नसेल तर लॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे तयार झाल्याचा महिना आणि वर्ष. तीन वर्षांपेक्षा जुना माल सवलतीत मिळाला तरी परत करा. किट पंपाच्या शेडमध्ये पत्र्याखाली ठेवू नका, घरात कपाटात ठेवा. वापरलेलं पाणी पाँडमध्ये नाही, मोरीत, आणि नळ्या त्याच डिस्टिल्ड पाण्याने विसळून उलट्या वाळवा. नवीन पाँडला पहिले सहा आठवडे दिवसाआड तपासायचं असल्याने अमोनियाच्या दोन बाटल्या सगळ्यांत आधी संपतात. त्यांची जोडी सुटी मिळते, पूर्ण किट पुन्हा घ्यायची गरज नाही.