बंद गोदामातली व्हिडिओ गेमची मशीनं: शिकागोजवळचा एक शनिवार

शटर अर्धंच वर जातं. वाकून आत शिरायचं आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत जागेवरच थांबायचं. मग हळूहळू रांगा दिसायला लागतात. माणसापेक्षा उंच लाकडी मशीनं, पाठीला पाठ लावून उभी केलेली, वर मेणकापड, त्यावर वीस वर्षांची धूळ. ओल लागलेल्या लाकडाचा आणि उंदरांचा वास येतो. मालक म्हणाले, दोनशेच्या वर मशीनं आहेत. मी मोजायला सुरुवात केली आणि एकशे चाळीसला सोडून दिलं, कारण मागच्या रांगांत शिरायला वाटच नाही.

गोदामाचं नाव आणि पत्ता मी देत नाही. दोनदा कुलूप तोडून चोरी झाल्यामुळं मालकांनी तशी विनंती केली आहे. शिकागोच्या पश्चिमेकडं जुनी मशीनं दुरुस्त करणाऱ्या कुणालाही विचारलंत तर फोन नंबर मिळेल. महिन्यातून दोन शनिवारी ते उघडतात. प्रवेशाचे 10 डॉलर, आणि काही घेतलंत तर ते बिलातून वजा होतात.

मी हे का लिहितेय ते सांगते. इचलकरंजीत स्टँडच्या मागं आमच्या आप्पांचं व्हिडिओ गेम पार्लर होतं. सहा मशीनं. यंत्रमागाची पाळी सुटली की पोरं यायची, आणि शाळेतून आल्यावर मी गल्ल्यावर बसून टोकन मोजून द्यायचे. आमची मशीनं गावातल्याच सुताराकडून प्लायची करून घेतलेली, वरनं सनमायका, आत जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब. बोर्ड, म्हणजे ज्यात खेळ भरलेला असतो ती चिपांची पाटी, आणायला आप्पा रात्रीच्या एसटीनं मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जायचे. त्यामुळं कारखान्यातून बनून आलेलं खरं मशीन मी लहानपणी कधी पाहिलंच नव्हतं, आणि इथं तर त्या कारखान्यांच्या अंगणातच राहते. विल्यम्स, बॅली, मिडवे, गॉटलीब, सगळे शिकागोचे. जपानच्या नामकोनं 1980 साली काढलेला पॅकमॅन अमेरिकेसाठी मिडवेनं फ्रँकलिन पार्कमध्ये बनवला. विल्यम्सचा 1981 चा डिफेंडरही याच शहरातला. जिथं जन्मली, त्याच मुलखात कमावली आणि तिथंच गोदामात जाऊन पडली, अशी ही मशीनं.

मालकांच्या थोरल्या भावाचा मशीनं भाड्यानं लावायचा धंदा होता. पिझ्झाची दुकानं, बोलिंगचे हॉल, कपडे धुवायची दुकानं. तिथं मशीन ठेवायचं, गल्ल्यात जमलेली नाणी दुकानदार आणि आपण अर्धी-अर्धी वाटून घ्यायची. 1983 च्या आसपास या धंद्याला उतरती कळा लागली आणि मशीनं एकेक करून परत आली. पुढं घराघरांत गेम खेळायची यंत्रं आल्यावर उरलेलीही आली. भाऊ गेले, कुलूप लागलं, आणि आता धाकट्यानं ते उघडलंय.

दिवे फक्त पुढच्या भागात आहेत. टॉर्च घेऊन जा, कपाळावर बांधायचा असला तर उत्तम, कारण दोन्ही हात लागतात. मी मुलाला घेऊन गेले होते आणि आप्पांना व्हिडिओ कॉल लावला होता. इथं सकाळचे दहा, तिकडं रात्रीचे साडेआठ. मी एका मशीनची काच पुसत होते तर फोनमधून आवाज आला, "पुढनं काय बघतीयास? काच पुसली की सगळीच मशीनं चांगली दिसतात. मागचं दार उघड."

खरी गोष्ट तीच. या गोदामात जे बघण्यासारखं आहे ते मागच्या दाराआड आहे. किल्ल्यांची एक बादली मालकांनी ठेवलीय, त्यातून किल्ली जुळवत बसावं लागतं. पहिल्या मशीनचं दार उघडलं आणि आतल्या फळीवर पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं: तारीख, फ्यूज. तारीख, डावं बटण. तारीख, ईएचटी (पिक्चर ट्यूबला जास्त व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर) बदलला. अशा बावीस ओळी, शेवटी नाणी मोजणाऱ्या मीटरचा आकडा. आप्पा असंच आतल्या प्लायवर लिहायचे, कारण वही हरवते आणि मशीन हरवत नाही. इचलकरंजीतल्या मेकॅनिकची आणि इलिनॉयमधल्या मेकॅनिकची सवय एकच निघाली, हे बघून आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अक्षर चांगलंय गड्याचं."

मालक ही मशीनं साफ करत नाहीत, रंगवत नाहीत, नव्या चित्रांची स्टिकरं लावत नाहीत. "भावानं ठेवली तशीच विकणार," असं त्यांचं म्हणणं. मला हे मनापासून पटतं. बाजारात चकचकीत करून विकलेली मशीनं मिळतात, त्यांच्या आत स्वस्तातला एकच बोर्ड आणि त्यात हजार खेळ भरलेले असतात. तसलं मशीन घेणाऱ्याला आतला इतिहास कधीच मिळत नाही.

तिसऱ्या रांगेत एक काळं मशीन होतं. वर 1990 नंतरच्या मारामारीच्या खेळाचं नाव, बाजू सबंध काळ्या रंगानं माखलेल्या. खालच्या कोपऱ्यात रंगाचा पोपडा सुटलेला आणि आतून पिवळं डोकावत होतं. नखानं थोडं उचललं तर आणखी पिवळं. मुलानं टॉर्च धरला. पाठीमागच्या पत्र्याच्या पट्टीवर मिडवेचं नाव आणि क्रमांक. पॅकमॅन होतं ते. खेळ चालेनासा झाला की ऑपरेटर, म्हणजे मशीनं भाड्यानं लावणारे लोक, नवं मशीन घेत नसत, जुन्यालाच काळं फासून आत दुसरा बोर्ड बसवत. 1985 साली जपानी कंपन्यांनी जामा नावाची 56 पिनांची एकच जोडणी ठरवल्यापासून तर हे काम तासाभराचं झालं. आमच्या पार्लरमध्येही आप्पा बोर्ड बदलायचे आणि दुसऱ्या दिवशी पोरं नवीन खेळ आला म्हणून धावत यायची, म्हणून मी त्या ऑपरेटरला दोष देणार नाही. पण त्या काळ्या रंगाखाली पिवळं अजून शाबूत असेल, तर ते बाहेर काढलं पाहिजे. 350 डॉलरला मी ते घेतलं.

आता तक्रार. तीच सगळ्यात महत्त्वाची.

विल्यम्सच्या त्या काळच्या मशीनांत, डिफेंडर, रोबोट्रॉन, जाउस्ट, सगळ्यांत, बोर्डावर तीन पेन्सिल सेल बसवलेले असतात. वीज गेली तरी स्कोअर आणि सेटिंग लक्षात राहावं म्हणून. सेल वर्षा-दोन वर्षांनी बदलायचे असतात. या गोदामात ते शेवटच्या दिवसापासून तसेच बसून आहेत. मी डिफेंडरचं दार उघडलं तर सेल फुगून फाटलेले, त्यांतून पांढरा-हिरवा खार बाहेर आलेला आणि बोर्डावरून खाली उतरलेला. तांब्याच्या रेषा खाऊन टाकलेल्या. दोन चिपांचे पाय हात लावल्यावर भुगा होऊन पडले. शेजारच्या मशीनमध्ये गळती नुकती सुरू झाली होती. सेल काढले, कापसावर व्हिनेगर घेऊन पुसलं, तो बोर्ड वाचेल. मधे लाकडाची एक फळी, एवढंच त्या दोघांतलं अंतर.

मालकांना बोलावून दाखवलं. ते पुन्हा म्हणाले, आहे तसं ठेवायचं. मी म्हटलं, रंगाला हात लावू नका, धुळीला लावू नका, पण सेल म्हणजे भावानं ठेवलेलं नाही, तो भावाच्या वस्तू रोज थोड्या थोड्या खातोय. ते त्या खाराकडं बघत राहिले.

दुसरी तक्रार चाचणीची. पुढच्या भागात दोन सॉकेट आहेत आणि मालक उत्साहानं मशीन ओढून आणून थेट प्लग लावतात. लावू देऊ नका. वीस वर्षं बंद असलेल्या पॉवर सप्लायमधून 5 व्होल्टच्या जागी काय येईल याचा भरवसा नसतो, आणि जास्त आलं तर चिपा गेल्याच. आधी बोर्ड काढून ठेवा, मीटर लावून व्होल्टेज बघा, फ्यूज बघा, कनेक्टर एकदा काढून घाला. पिक्चर ट्यूबच्या मागं हात घालू नका. चालू असताना तिथं वीस हजार व्होल्टच्या आसपास असतं आणि बंद केल्यावरही काही काळ राहू शकतं. मुलं सोबत असतील तर त्यांना आधीच बजावा.

अशी सगळी काळजी घेऊन आम्ही अटारीचं एक सेंटिपीड चालू केलं. 1981 चं मशीन, हँडलच्या जागी हातानं फिरवायचा गोळा. ट्यूब गरम व्हायला वेळ लागला, मग चित्र आलं, थोडं हिरवट आणि एका बाजूनं दबलेलं. आणि वरच्या यादीत तीन नावं. कारखान्यातून भरून येतात ती अक्षरं नव्हती, आकडेही नव्हते. पहिल्या नंबरावर एम.जे.के., दुसऱ्यावरही एम.जे.के. अटारीनं या मशीनमध्ये सेल वापरला नाही, वरचे तीन स्कोअर विजेशिवाय जपणारी एक वेगळी चिप घातली. ती इतकी वर्षं टिकेलच असं नाही. इथं टिकली होती. कुठल्या तरी पिझ्झाच्या दुकानात नाण्यांची चळत काचेवर ठेवून खेळणारं कुणी पोर, त्याचं नाव गोदामात अंधारात बसून होतं. आप्पा फोनवरून म्हणाले, "ते पुसू नका म्हणावं त्यांना." मी मालकांना तसं सांगितलं. त्यांनी कागदावर लिहून मशीनला चिकटवलं.

मशीनांशिवाय भिंतीला लागून सुट्या बोर्डांचं कपाट आहे, ते चुकवू नका. तिथं मला कॅपकॉमचा 1993 चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स मिळाला, म्हणजे आपल्याकडं ज्याला सगळे "मुस्तफा" म्हणतात तो. आमच्या पार्लरमधलं सगळ्यात जास्त कमावणारं मशीन. चौथं टोकन हातात घट्ट धरून "दीदी, एक उधार" म्हणणारी पोरं मला त्या बोर्डाकडं बघून आठवली. हा अस्सल, कंपनीचा, आणि मेलेला. कॅपकॉमनं नक्कल होऊ नये म्हणून यात बॅटरी घातली होती. ती संपली की खेळ उलगडायचा आतला कोड पुसला जातो आणि खेळ धड सुरूच होत नाही. आप्पांचा बोर्ड नकली होता, त्यात असली बॅटरीच नव्हती, म्हणून तो पार्लर बंद होईपर्यंत चालला. आता मेलेले बोर्ड पुन्हा जिवंत करायची पद्धत लोकांनी शोधून काढली आहे, त्यामुळं हा 60 डॉलरला घेतला.

मशीन घरी पोचवणारे लोक वेगळे आहेत, मालकांचे नाहीत. त्यांनी 120 डॉलर घेतले आणि पायऱ्यांवर मशीन कलतं करताना खालचा कोपरा आपटला. पार्टिकल बोर्ड ओल पिऊन आधीच फुगलेलं, त्याचा तळहाताएवढा तुकडा सुटला. तेव्हा गाडी ओळखीची असेल तर आपली न्या, आणि मशीन उचलण्याआधी खाली फळी ठोकून घ्या.

ज्यांना नुसतं खेळायचंय त्यांनी इथं येऊ नये. ब्रुकफिल्डला ऑग्डेन अव्हेन्यूवर गॅलपिंग घोस्ट नावाचं पार्लर आहे, 2010 पासून. दारात एकदा पैसे भरायचे आणि आतली शेकडो मशीनं पार्लर बंद व्हायच्या वेळेपर्यंत हवी तितकी खेळायची. सगळी चालू, सगळी सांभाळलेली. मुलाला मी तिथं आधी नेलं होतं म्हणूनच त्याला या गोदामातली मुकी मशीनं ओळखता आली. पण ज्यांच्या हातात सोल्डरिंग गन आहे, ज्यांना मागचं दार उघडायचं असतं, त्यांच्यासाठी मी या जागेला पाचपैकी चार देईन. एक कापला तो सेलसाठी.

परवा मालकांचा फोन आला. या शनिवारी विक्री नाही, पण शटर उघडतो, तुम्ही सेल काढायला या म्हणाले. आम्ही गेलो. कटर, हातमोजे, व्हिनेगरची बाटली, आणि काढलेले सेल टाकायला झाकणाचा डबा. प्रत्येक फळीवर, जुन्या ओळींच्या खाली, मुलानं पेन्सिलीनं तारीख घालून "सेल काढले" असं लिहिलं. दिवसभरात एकोणीस मशीनं झाली. चार बोर्ड गेलेले होते, पंधरा वाचले. मागच्या रांगांपर्यंत पोचायला पुढची मशीनं हलवायला लागतील, त्याला चार माणसं हवीत. ज्यांना यायचंय त्यांनी मला कळवा, दहा वाजता निघतो, डबे मी आणते.