तीन वर्षांची मुदत आणि पिढीचे काम : संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त निधीचे परीक्षण

महिलांविरुद्धचा हिंसाचार थांबवण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी उभारलेला विश्वस्त निधी बीजिंग येथील जागतिक महिला परिषदेच्या पाठोपाठ, आमसभेच्या ५०/१६६ या ठरावानुसार, १९९६ साली अस्तित्वात आला. आज त्याचा कारभार यूएन विमेन ही संस्था पाहते. निधीत येणारा पैसा मुख्यतः सदस्य देशांच्या सरकारांनी स्वेच्छेने दिलेला, म्हणजेच अखेरीस करदात्यांचा असतो. त्यामुळे एखाद्या सार्वजनिक सेवेला जे प्रश्न विचारावेत तेच या निधीलाही विचारायला हवेत : ज्यांना गरज आहे त्यांच्यापर्यंत ही सेवा पोहोचते का, आणि पोहोचल्यावर ती पुरते का? छोट्या महिला संस्थांचे अनुदान-प्रस्ताव तपासून देण्याचे काम मी काही वर्षे केले आहे, आणि हे परीक्षण त्या दृष्टीने लिहिले आहे.

या निधीचे सर्वांत मोठे बलस्थान म्हणजे पैसा कोणाच्या हाती द्यायचा याबद्दलची त्याची स्पष्टता. पूर्वी शासकीय यंत्रणाही येथे अर्ज करू शकत. आता अनुदान केवळ नागरी संघटनांना मिळते आणि त्यांतही महिलांनी चालवलेल्या, महिलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांना प्राधान्य असते. हा तपशील तांत्रिक वाटला तरी त्याचा परिणाम दूरवर जातो. मारहाण सोसणारी बाई पहिल्यांदा तोंड उघडते ते ओळखीच्या कार्यकर्तीपुढे. पोलीस ठाणे, दवाखाना आणि न्यायालय हे टप्पे पुष्कळ नंतर येतात, बहुतेकींच्या बाबतीत येतच नाहीत. त्या कार्यकर्तीचे मानधन वेळेवर निघावे, ही हिंसाचार रोखण्याची अगदी प्राथमिक अट आहे. प्रतिबंध, पीडितांना मिळणाऱ्या सेवा आणि कायद्यांची अंमलबजावणी अशा तीन क्षेत्रांत हे अनुदान विभागलेले आहे. तिन्ही क्षेत्रे एकमेकांत मिसळलेली असतात, हे प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना ठाऊक असतेच.

खर्चाच्या शीर्षांबाबतही हा निधी इतर अनेक दात्यांपेक्षा समंजस आहे. मी तपासलेल्या एका प्रस्तावातून दात्याने (त्याचे नाव येथे घेत नाही) हिशेबनिसाचा पगार वगळायला लावला होता. ‘थेट लाभार्थी’ नसलेल्या कोणत्याही व्यक्तीवर खर्च नको, असे त्याचे म्हणणे होते. वर्षअखेरीस लेखापरीक्षणात त्रुटी निघाल्या, तेव्हा त्याच दात्याने पुढचा हप्ता थांबवला. त्या तुलनेत विश्वस्त निधीने छोट्या संघटनांच्या मूलभूत प्रशासकीय खर्चाला स्थान दिले आहे, इतकेच नव्हे तर कार्यकर्त्यांच्या स्वतःच्या आणि सामूहिक मानसिक काळजीसाठीही अर्थसंकल्पात तरतूद करू दिली आहे. दिवसभर इतरांच्या जखमा ऐकणाऱ्या माणसालाही विसावा लागतो, हे एखाद्या अनुदानाच्या नियमावलीत लिहिलेले पाहिले तेव्हा मला मनापासून समाधान वाटले.

माझा खरा आक्षेप मुदतीवर आहे. अनुदान साधारणपणे तीन वर्षांचे असते आणि त्याची कमाल मर्यादा दहा लाख अमेरिकी डॉलर आहे. सेवा पुरवण्यासाठी तीन वर्षे कदाचित पुरतील. परंतु माणसांच्या मनातील सत्तेची कल्पना बदलण्यासाठी ती फार अपुरी आहेत. या संदर्भात कंपाला शहरातील ‘सासा!’ या कार्यक्रमाचा अनुभव पाहण्यासारखा आहे. स्वाहिली भाषेत ‘सासा’ म्हणजे ‘आता’. रेझिंग व्हॉइसेस या युगांडातील संस्थेने तो आखला. त्यात पोस्टर-भाषणांपेक्षा वस्तीतल्याच स्त्री-पुरुषांनी शेजाऱ्यांशी सत्ता, भीती आणि नात्यांविषयी सातत्याने बोलत राहण्यावर भर होता, आणि हे काम चार टप्प्यांत पुढे जात असे. २००७ ते २०१२ या काळात आठ वस्त्यांमध्ये झालेल्या चाचणीत, कार्यक्रम झालेल्या चार वस्त्यांत जोडीदाराकडून होणारी शारीरिक हिंसा उरलेल्या चार वस्त्यांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी कमी आढळली. वस्त्या मोजक्याच असल्यामुळे या आकड्याभोवतीची अनिश्चितता मोठी आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. तरीही त्यातून एक गोष्ट ठसते : कार्यकर्ते तयार करणे, वस्तीचा विश्वास मिळवणे, प्रत्यक्ष काम आणि मोजमाप हे सारे धरले तर हिशेब पाच वर्षांवर गेला. तीन वर्षांच्या अनुदानात पहिले वर्ष नेमणुका आणि प्रशिक्षणात जाते, तिसऱ्या वर्षाचा उत्तरार्ध अहवालात जातो, आणि मधल्या काळात पिढ्यान्पिढ्यांची सवय मोडण्याची अपेक्षा ठेवली जाते.

मोजमापाचा प्रश्नही याच मुदतीशी जोडलेला आहे. निधी प्रकल्पांचे मूल्यमापन करवून घेतो आणि त्यातून मिळालेले धडे खुले करतो, ही स्तुत्य गोष्ट आहे. त्यातील प्रतिबंधाविषयीची टिपणे प्रत्येक संस्थेने वाचावीत इतकी उपयुक्त आहेत. परंतु या क्षेत्रात आकडे उलट्या दिशेने चालतात. काम चांगले सुरू झाले की सुरुवातीला तक्रारी वाढतात, कारण बायकांना ऐकणारे कोणीतरी आहे याची खात्री पटू लागते. ज्या अधिकाऱ्याला हे उमगलेले नसते, त्याला दुसऱ्या वर्षाचा अहवाल अपयशाचा वाटतो. त्यामुळे संस्था किती बैठका घेतल्या, किती जणी उपस्थित होत्या, असे सुरक्षित आकडे भरू लागतात. शिवाय घरोघरी जाऊन हिंसेविषयी विचारणे हेच एखादीच्या जिवावर बेतू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली यासंबंधी सुरक्षिततेची मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. ती पाळायची तर प्रशिक्षित मुलाखतकार, एकांत आणि मागाहून आधाराची सोय लागते. या सर्वांवर होणारा खर्च चैन समजून कापला जाऊ नये.

भाषेचा अडसर मला विशेष खटकतो. अर्ज इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिश या तीन भाषांतच स्वीकारले जातात. ज्या संघटनेचे सारे कामकाज वेगळ्या भाषेत चालते, तिला आपला अनुभव भाड्याच्या लेखणीतून मांडावा लागतो आणि त्या मांडणीत तिचे वैशिष्ट्यच हरवते. मी असे मसुदे पाहिले आहेत : मूळ टिपणात एका कार्यकर्तीने वस्तीतल्या नवऱ्यांना चर्चेला कसे बसवले याचे जिवंत वर्णन होते, आणि अर्जात त्याचे ‘पुरुषांचा सहभाग वाढवणे’ एवढेच उरले होते. युरोपीय संघाच्या डाफ्ने या योजनेने यावर एक वाट काढली आहे. तेथे मध्यस्थ संस्थेला अनुदान देऊन ते पुढे लहान संघटनांमध्ये वाटण्याची सोय आहे, आणि जवळची मध्यस्थ संस्था लहान संघटनेची भाषा व परिस्थिती अधिक चांगली ओळखते. अर्थात डाफ्नेमध्ये सामान्यतः किमान दहा टक्के वाटा संस्थेने स्वतः उभा करावा लागतो, आणि हातावर पोट असलेल्या संघटनेसाठी ही अटही मोठीच आहे.

जगातील सुमारे तीनपैकी एका स्त्रीने आयुष्यात कधीतरी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. या व्याप्तीसमोर निधीची एकूण रक्कम तुटपुंजी आहे, आणि आता तर आजूबाजूचे इतर स्रोतही आटत आहेत. यूएन विमेनने ४२८ संघटनांच्या केलेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात ३४ टक्के संघटनांनी हिंसाचारविरोधी कार्यक्रम स्थगित किंवा बंद केल्याचे सांगितले, ४० टक्क्यांहून अधिक संघटनांनी निवारागृहे, कायदेशीर मदत यांसारख्या सेवा कमी किंवा बंद केल्या, आणि दोन वर्षे किंवा अधिक काळ तग धरू अशी आशा केवळ ५ टक्क्यांनी व्यक्त केली. ज्या संघटनांच्या कामाचे चांगले मूल्यमापन झाले आहे, त्यांना नव्याने स्पर्धेत न उतरवता आणखी तीन वर्षांचे अनुदान देण्याची तरतूद निधीने करावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. अर्ज करू इच्छिणाऱ्या संस्थांनी मात्र अशा तरतुदीची वाट न पाहता अर्ज जरूर करावा, आणि तिसऱ्या वर्षानंतर समुपदेशन केंद्राचे भाडे कोण भरणार, या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच वर्षी शोधायला घ्यावे.