सीएसआर निधी मिळवून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची आमची लहानशी संघटना आहे. मी तिची सचिव. मुकादमाची उचल आणि त्याच्या वहीतला हिशेब, फडावरचं आजारपण, हंगामात गावी मागे राहिलेली पोरं, असं आमचं काम. धर्मादाय कार्यालयात नोंदणी आहे, आयकराची १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करवजावट) नोंदणीही आहे. पैसा मात्र सभासदांच्या वर्गणीचाच.

पूर्वी एका मोठ्या संस्थेकडून थोडा आधार मिळायचा. तिला परदेशातून अनुदान यायचं, त्यातला वाटा ती आमच्यासारख्या गावपातळीवरच्या गटांना द्यायची. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी योगदान कायद्यात (एफसीआरए) दुरुस्ती झाली आणि असा निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली. स्वतःची एफसीआरए नोंदणी घ्यायची तर आधीच्या तीन वर्षांत संस्थेच्या कामावर १५ लाख खर्च झालेला दाखवावा लागतो. आम्ही तो कुठून दाखवणार? कंपन्यांकडे जावं तर त्या शाळेला बाकं देतात, पाण्याची टाकी बांधून देतात. मजुरीचा दर वाढवून मागणाऱ्या बायकांच्या बैठकीला त्यांच्याकडे रकाना नसतो. हे एवढं सांगायचं कारण, आमची ही ओढाताण आम्हाला फसवणाऱ्या माणसाला आमच्याइतकीच नीट माहीत होती.

तालुक्याच्या एका प्रशिक्षणात तो भेटला. सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायचा निधी, त्याचा सल्लागार म्हणून ओळख करून दिली गेली. बोलणं अत्यंत आदबीचं, बायकांना ताई म्हणणारा. त्याने सांगितलेली एकही गोष्ट खोटी नव्हती आणि फसवणुकीचं खरं बळ त्यातच होतं. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर (तिथे स्वयंसेवी संस्थांची नोंद होते) नोंद हवी, म्हणाला; कंपन्या ती मागतात. १ एप्रिल २०२१ पासून संस्थेने कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा नोंदणीचा फॉर्म भरल्याशिवाय कंपनी तिला निधी देऊ शकत नाही, म्हणाला; तेही खरं. संस्थेला तीन वर्षांच्या कामाचा अनुभव हवा, तो आमच्याकडे होताच. आमच्या ओळखीच्या सीएंना विचारलं, तेही म्हणाले, नियम हेच आहेत. मग अविश्वास कशावर ठेवायचा?

दर्पणचे ७,०००, सीएसआर-१ चे १५,०००, प्रकल्प अहवालाचे १२,००० आणि कंपनीची माणसं पाहणीला येणार म्हणून ९,००० असे एकूण ४३,००० रुपये त्याने घेतले. निम्मे रोख, निम्मे कुणा तिसऱ्याच्याच नावाच्या यूपीआयवर. कारखान्यावरून परतलेल्या बायकांनी पदराच्या गाठी सोडून दिलेले पैसे होते ते. म्हणून इथे स्पष्ट लिहिते: दर्पणची नोंदणी फुकट होते. सीएसआर-१ ला सरकारी शुल्क नाही. फॉर्म प्रमाणित करणाऱ्या सीए किंवा कंपनी सेक्रेटरीची जी फी असेल तेवढीच, आणि ती पावती घेऊन द्यायची. खरा देणगीदार पाहणीचे पैसे संस्थेकडून मागत नाही.

मग मंजुरीचं पत्र आलं. एका मोठ्या कंपनीचं लेटरहेड, शिक्का, सही, आणि ऊसतोडीच्या हंगामात गावी राहणाऱ्या पोरांच्या हंगामी वसतिगृहासाठी ३८ लाख. त्या दिवशी आमच्या अध्यक्षताई रडल्या. पत्रावर ईमेल होता तो जीमेलचा. कंपनीचा २१ अक्षरी ओळख क्रमांक कुठेच नव्हता. हा क्रमांक कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो, आणि संचालक मंडळाने मंजूर केलेले सीएसआर प्रकल्प कंपनीला स्वतःच्या संकेतस्थळावर जाहीर करावे लागतात. असं पत्र हातात पडलं की आधी तिथे बघा, आणि तिथल्याच क्रमांकावर फोन करा; पत्रातल्या नव्हे.

पत्रापाठोपाठ खरी मागणी आली. ३८ लाख खात्यात जमा झाले की २२ लाख रोख काढून परत द्यायचे, बिलं तो पुरवणार. ‘सगळीकडे असंच चालतं, ताई.’ म्हणजे २२ लाखांचा खोटा खर्च वहीत आमच्या सहीने चढणार, आणि उद्या चौकशी लागली तर उभी राहणार ती ज्या बाईला बँकेतली स्लिपसुद्धा दुसऱ्याकडून भरून घ्यावी लागते ती. कार्यकारिणीने एकमताने नाही सांगितलं. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही.

इथे संपलं असतं तर ४३,००० चंच दुःख राहिलं असतं. पण सीएसआर-१ वर डिजिटल सही लागते म्हणून अध्यक्षताईंच्या डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं असतं ते) त्याच्याकडे होतं, आणि सह्या केलेली कोरी लेटरहेडही. पुढच्या उन्हाळ्यात नाशिकहून एका गृहस्थांचा फोन आला: ‘तुमच्या संस्थेला ५०,००० दिले होते, १०बीई प्रमाणपत्र अजून आलं नाही.’ ८०जी असलेल्या संस्थेने वर्षभरातल्या देणगीदारांची यादी १०बीडी फॉर्ममध्ये भरून ३१ मेपर्यंत करवजावटीसाठी लागणारं हे प्रमाणपत्र त्यांना द्यायचं असतं. आमच्या वहीत ही देणगीच नव्हती. त्यांनी पावती पाठवली: नाव आमचं, नोंदणी क्रमांक आमचा, क्यूआर कोड भलत्याचाच. ऊसतोड बायकांच्या लेकरांसाठी म्हणून त्या भल्या माणसाने पैसे दिले होते. आमच्या नावाने दुसऱ्याला लुबाडलं गेलं, ही गोष्ट आम्हाला स्वतःच्या नुकसानीपेक्षा जास्त जाळते.

डिजिटल सहीचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला कळवून ती सही आम्ही रद्द करून घेतली. आयकर विभाग आणि धर्मादाय कार्यालयाला लेखी कळवून पोच घेतली, स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर सूचना दिली. टोकन कुणालाही, अगदी ओळखीच्या सीएलाही, देऊ नका. समोर बसून सही लावा आणि घरी घेऊन या. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की रक्कम गोठवणं अवघड होतं. पोलीस ठाण्यात आम्हाला आधी ‘हा दिवाणी वाद आहे’ असं ऐकवलं. नाशिकच्या त्या गृहस्थांनी स्वतंत्र तक्रार दिली तेव्हा कुठे अर्ज पुढे सरकला.

शेजारच्या तालुक्यातल्या एका निराधार महिलांच्या गटाकडेही हेच पत्र निघालं, फक्त संस्थेचं नाव आणि रक्कम बदललेली. ‘हंगामी वसतिगृह’ हे शब्द तसेच राहिले होते, त्यांचा ऊसतोडीशी काही संबंध नसताना. त्यांनी अजून पैसे दिलेले नाहीत. तुमच्याकडे असं पत्र आलं असेल तर फाडू नका, पाकिटासकट ठेवा आणि जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रारीसोबत जोडा. आमच्या तक्रारीला अशा प्रत्येक पत्राची गरज आहे.