मातिसचा लाल स्टुडिओ की बोनारचा पिवळा? रंगाच्या सरावासाठी कोणतं चित्र निवडाल

मातिस आणि बोनार हे दोघे फ्रेंच चित्रकार, आणि दोन्ही चित्रं स्टुडिओचीच. मातिसचं ‘रेड स्टुडिओ’ १९११ चं, आज न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात. बोनारचं ‘मिमोसाचा स्टुडिओ’ १९३९ ते ४६ मधलं, पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्राच्या संग्रहातलं.

तुमच्या चित्रात रंग मळकट होत असतील, तर मातिस घ्या. इथे उजेड कुठून येतो हे शोधू नका. भिंत, जमीन, टेबल सगळ्यांवर एकच व्हेनेशियन रेड (मातकट लाल) आहे आणि चित्राची शांतता त्या सपाट लालातूनच येते. मूळ चित्रात भिंती गुलाबी, जमीन निळी, सामान गेरूपिवळं होतं. लाल नंतर आला. फर्निचरच्या रेषा लालावर काढलेल्या नाहीत, लाल भरताना सोडलेल्या फटी आहेत. काटे नसलेल्या घड्याळाजवळ हे स्पष्ट दिसतं. नक्कल करताना १२ इंच उंचीला साडेचौदा इंच रुंदी ठेवा. खालचे रंग पातळ लावा (तैलरंग टर्पेंटाइनने, ॲक्रिलिक पाण्याने), पूर्ण वाळू द्या, मग दोनेक मिलिमीटरच्या फटी राखत लाल भरा. खालचा थर ओला असेल तर निळा वर येऊन लाल तपकिरी होतो. व्हेनेशियन नसेल तर ‘लाइट रेड’ नावाचा रंग चालेल. कॅडमियम रेड नको, तो भिंतीवरच्या चित्रांना गिळून टाकतो.

चित्र रंगवही भरल्यासारखं कोरडं दिसत असेल, तर बोनार. खिडकीबाहेर पिवळ्या फुलांचा मिमोसा पेटलाय, आतला जांभळा-गुलाबी त्याच्याशी सतत बोलतोय. पिवळ्याला आणि जांभळ्याला वेगवेगळे ब्रश ठेवा. पिवळा हाताला न लागण्याइतका वाळल्यावरच शेजारी जांभळा ठिपका द्या, नाहीतर चिखल ठरलेला. खाली डाव्या कोपऱ्यात एका बाईचा चेहरा आहे, तो पटकन दिसतच नाही! तिथे बाह्यरेषा काढलीत की चित्राचा सगळा भाव गेला. तिचे रंग आजूबाजूच्या रंगांच्या उजळपणाचेच ठेवा. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून बघा. चेहरा सुटा दिसला तर रंग बदला.

नवशिक्याने आधी मातिसच करावा असं आमचं स्पष्ट मत आहे: ॲक्रिलिकमध्ये दोन संध्याकाळी पुरतात आणि चूक लगेच कळते. बोनारला तैलरंगच हवेत, आणि थर वाळायची वाट बघत काही आठवडे हाताशी हवेत.