मॅलहॅप्लोफ्रेक : मिश्र रक्तनमुन्यांचा हिशेब मांडणारी संगणकप्रणाली

रत्नागिरी-सिंधुदुर्गात हिवतापाच्या रक्तनमुन्यांची जनुकीय तपासणी करणाऱ्याला एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते : औषधाला दाद न देणाऱ्या परजीवींचे प्रमाण किती? इयन हेस्टिंग्ज आणि थॉमस स्मिथ यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेली ‘मॅलहॅप्लोफ्रेक’ ही प्रणाली हाच अंदाज काढते. तिचे मोल कळण्यासाठी हातचा हिशेब किती फसवा असतो, हे आधी पाहायला हवे.

एकाच रुग्णाच्या रक्तात फाल्सिपेरम या हिवतापाच्या परजीवीचे अनेक वाण असू शकतात. समजा, उत्परिवर्तित (म्हणजे औषधाला दाद न देण्याशी निगडित जनुकीय बदल झालेल्या) वाणांचे खरे प्रमाण 30 टक्के आहे आणि प्रत्येक रुग्णात तीन वाण आहेत. उत्परिवर्तन दिसलेले सर्व नमुने मोजले, तर उत्तर सुमारे 66 टक्के येते. मिश्र नमुने गोंधळाचे म्हणून बाजूला सारून केवळ शुद्ध (सर्व वाण उत्परिवर्तित किंवा सर्व मूळ असलेले) नमुने मोजले, तर तेच उत्तर सुमारे 7 टक्क्यांवर घसरते. ही प्रणाली मिश्र नमुने टाकून देत नाही. नमुन्यातील वाणांची संख्या लक्षात घेऊन, हाती आलेले निकाल कोणत्या प्रमाणामुळे सर्वाधिक संभवतात, ते ती शोधते. पायरिमेथामिन या औषधाला दाद न देण्याशी निगडित अशा डीएचएफआर जनुकातील 51, 59 आणि 108 या स्थानांवरील बदल एकाच परजीवीत आहेत की वेगवेगळ्या, हे मिश्र नमुन्यावरून थेट सांगता येत नाही; त्यांच्या एकत्रित जोडण्यांचे प्रमाणही ती काढून देते.

मात्र तिची मर्यादा तीन स्थानांचीच आहे, आणि ती मला खटकते. 2013 मध्ये ईशान्येकडील राज्यांत फाल्सिपेरमवरील उपचार बदलला, पण कोकणासह इतरत्र आर्टेसुनेटच्या जोडीला सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन कायम राहिले. या जोडऔषधाची ताकद जोखायची, तर सल्फाडॉक्सिनला दाद न देण्याशी निगडित डीएचपीएस जनुकातील 437 आणि 540 ही स्थानेही सोबत पाहावी लागतात. पाचांचा एकत्रित हिशेब येथे होत नाही. शिवाय वाणांच्या संख्येसाठी एमएसपी-1, एमएसपी-2 यांसारख्या, वाणागणिक वेगळ्या असणाऱ्या जनुकांची स्वतंत्र तपासणी करावी लागते, जिचा खर्च छोट्या प्रयोगशाळेला झेपेलच असे नाही.

कोकणात आणखी एक अडचण संभवते, आणि तिचा दोष प्रणालीला देता येणार नाही. ओडिशा, झारखंड, छत्तीसगड येथून बांधकामावर आलेले मजूर आणि कायमचे गावकरी यांचे नमुने एकाच यादीत असू शकतात. हिवताप कमी असलेल्या भागात संसर्ग बहुधा एकाच वाणाचा असतो, तर जास्त प्रसाराच्या भागातून आलेल्यांत मिश्र संसर्गाची शक्यता अधिक. दोघांचे नमुने एकत्र भरले, तर निघणारा आकडा ना इथला असतो ना तिथला. म्हणून नोंदपत्रकात प्रवासाचा रकाना नसेल, तर ही प्रणाली उघडण्याची घाई करू नये. केवळ स्थानिक नमुने असतील आणि बहुतेक एकाच वाणाचे असतील, तर कागद-पेन्सिलही जवळपास तेच उत्तर देईल.

नमुने मोजकेच असतील, तर त्यावर या प्रणालीकडेही उपाय नाही : एका वाणाच्या वीस नमुन्यांत एकही उत्परिवर्तन आढळले नाही, तरी 95 टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की खरे प्रमाण सुमारे 14 टक्क्यांहून अधिक नसावे.