माणूस कुठल्या राज्यात ठेवायचा? न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, टेक्सास, कॅलिफोर्निया आणि पगारावरचे राज्यांचे कर

२०२५ च्या मार्चमध्ये ओळखीच्या एका वहिनींनी मला त्यांच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या किचनमध्ये बोलावलं. डब्यांचा व्यवसाय आहे त्यांचा. आजवर नवरा-बायको दोघांनीच ओढला, आता माणसं लागणार होती. पोळ्यांना एक बाई, डबे पोचवायला एक मुलगा, आणि ऑर्डरी-हिशेब सांभाळायला घरून काम करणारं कुणीतरी. या तिसऱ्या कामासाठी तिघींची नावं होती. एक पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फियाची, एक टेक्सासमधल्या डॅलसची, एक कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेची. पगार वर्षाला ४०,००० डॉलर. ओट्यावर कणीक ओल्या फडक्याखाली झाकलेली होती, तिच्या शेजारी कागदांची चळत.

वहिनींचा पहिला प्रश्न असा: "धाकटे दीर म्हणतात, माणसं ठेवायच्या आधी डेलावेअरची एलएलसी काढा, म्हणजे पगारावरचा राज्याचा टॅक्स वाचेल. खरंय का?"

नाही. आणि हा गैरसमज इतक्या घरांत ऐकलाय की आधी तोच मोडून काढते. एलएलसी म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, आणि कंपनीची नोंद कुठे झाली याच्याशी पगारावरच्या करांचं देणंघेणं नाही. माणूस कुठे बसून काम करतो, ते राज्य आपला कर मागतं. पोळ्या एडिसनला लाटल्या जाणार असतील तर नोंदणी न्यू जर्सीत. डेलावेअरची एलएलसी काढली तर उलट न्यू जर्सीत ती परराज्यातली कंपनी म्हणून वेगळी नोंदवावी लागते. म्हणजे खर्च दोन ठिकाणी आणि बचत शून्य.

राज्य मालकाकडून दोन गोष्टी मागतं, आणि त्या वेगळ्या ठेवल्या की निम्मा गोंधळ संपतो. पहिली म्हणजे पगारातून कापायचा आयकर. हे पैसे कामगाराचे, आपण फक्त पोचवणारे. दुसरी म्हणजे बेकारी विमा, आणि तो मुख्यतः मालकाच्या खिशातून जातो. दोन्हींसाठी आधी आयआरएसचा, म्हणजे केंद्राच्या कर खात्याचा, ईआयएन हा मालकाचा क्रमांक लागतो. तो ऑनलाइन, फुकट आणि काही मिनिटांत मिळतो. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

न्यू जर्सी

इथे नोंदणी सोपी आहे, पण महाग राज्य आहे. एनजे-आरईजी हा एकच अर्ज विक्रीकर, आयकर कपात, बेकारी आणि अपंगत्व विमा या सगळ्यांना पुरतो. धंदा सुरू करण्याच्या किमान १५ कामकाजी दिवस आधी तो भरायचा असतो. वहिनींनी विक्रीकरासाठी तो पूर्वीच भरला होता. अशा वेळी नवा अर्ज करायचा नाही, आहे त्या नोंदीत माणसं ठेवत असल्याचं कळवायचं. त्यानंतर दर तिमाहीला एनजे-९२७ हे करांचं विवरणपत्र आणि त्यासोबत प्रत्येकाच्या पगाराचा तपशील देणारा डब्ल्यूआर-३०. एखाद्या महिन्यात कापलेला आयकर ५०० डॉलरच्या घरात गेला, तर तो एनजे-५०० या फॉर्मने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा.

महाग का, तर बेकारी विम्याचा हप्ता पगाराच्या किती भागावर लागतो ते बघा. २०२५ साठी न्यू जर्सीत मालकाला ती मर्यादा ४३,३०० डॉलर होती. टेक्सासमध्ये ९,०००, कॅलिफोर्नियात ७,०००. म्हणजे ४०,००० पगाराच्या माणसावर इथे सगळ्या पगारावर हप्ता भरायचा. एका माणसामागे वर्षाला हजार डॉलरच्या वर जातात, आणि मालकाचा अपंगत्व विम्याचा वाटा आणखी वेगळा. कामगाराच्या पगारातूनही थोडं कापलं जातं. बेकारी विम्यासाठी कामगाराकडूनही पैसे घेणारी राज्यं देशात तीनच आहेत: अलास्का, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया.

पण मला हा खर्च बोचत नाही, आणि वहिनींनाही मी तेच सांगितलं. आजारपणातला तात्पुरता अपंगत्व विमा या राज्यात १९४८ पासून आहे, कुटुंबासाठी घेतलेल्या रजेचा भत्ता २००९ पासून. पोळ्या लाटणाऱ्या बाईचं उद्या ऑपरेशन झालं किंवा तिच्या लेकीचं बाळंतपण आलं, तर तिच्या हातात पैसे येतील ते याच हप्त्यांतून. रोख पगार दिला तर तिला यातलं काही मिळत नाही.

नदीपलीकडे

पेनसिल्व्हेनियाबद्दल थोडं सावकाश लिहिते, कारण आपल्या भागात घोटाळे होतात ते इथेच.

डबे पोचवणारा मुलगा मॉरिसव्हिलला राहतो, म्हणजे ट्रेंटनचा पूल ओलांडला की लगेच. राहतो पेनसिल्व्हेनियात, काम करतो न्यू जर्सीत. या दोन राज्यांत आयकराबाबत परस्पर करार आहे. पेनसिल्व्हेनियाच्या रहिवाशाला न्यू जर्सीत मिळालेल्या पगारावर न्यू जर्सी आयकर लावत नाही, न्यू जर्सीच्या रहिवाशालाही पलीकडे तीच सवलत. त्यासाठी मुलाने एनजे-१६५ हा फॉर्म भरून मालकाला द्यायचा. तो घेतला नाही तर मालक न्यू जर्सीचा कर कापत राहतो, आणि वर्षाअखेरीस मुलाला इकडे परतावा मागावा लागतो, तिकडे सगळा कर एकदम भरावा लागतो. एका दुकानदाराकडे मी हे डोळ्यांनी पाहिलंय. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये त्यांच्या कामगाराला तिकडचा कर भरायला उसने पैसे घ्यावे लागले.

हा करार फक्त आयकरापुरता आहे. बेकारी विमा काम जिथे चालतं तिथेच जातो, म्हणजे या मुलाचा न्यू जर्सीतच.

आता ऑर्डरी-हिशेबांचं तिसरं काम. फिलाडेल्फियाची बाई स्वतःच्या घरी बसून काम करणार असेल, तर ते काम पेनसिल्व्हेनियातलं झालं. राज्याच्या मायपाथ संकेतस्थळावर नोंदणी होते, पण आयकर कपात महसूल खात्याकडे आणि बेकारी विमा कामगार खात्याकडे, अशी दोन खाती निघतात. राज्याचा आयकर सरसकट ३.०७ टक्के. बेकारी विमा पहिल्या १०,००० डॉलरवर, २०२५ मध्ये बांधकाम सोडून इतर नव्या मालकांना ३.८२२ टक्के, म्हणजे वर्षाला ३८२ डॉलर. शिवाय कामगाराच्या पूर्ण पगारावर ०.०७ टक्के कपात.

इथवर ठीक. पण या राज्यात गावंही पगारावर कर लावतात. फिलाडेल्फियाचा वेज टॅक्स रहिवाशांना पावणेचार टक्क्यांच्या आसपास पडतो. राज्याच्या आयकरापेक्षा शहराचा कर जास्त! त्यासाठी शहराच्या महसूल विभागाकडे तिसरं खातं. फिलाडेल्फियाबाहेर राहणारं माणूस असेल तर २००८ च्या ॲक्ट ३२ प्रमाणे त्या भागाच्या स्थानिक कर-वसुली संस्थेकडे नोंद करावी लागते, कामगाराकडून राहत्या पत्त्याचा दाखला घेऊन गावाचा कोड लावावा लागतो, आणि बऱ्याच ठिकाणी वर्षाला ५२ डॉलरपर्यंतचा स्थानिक सेवा कर असतो. रक्कम लहान आहे. पण एका माणसासाठी तीन ठिकाणचे पासवर्ड आणि तीन ठिकाणच्या तारखा सांभाळायच्या.

डॅलस

टेक्सासला राज्याचा आयकर नाही, त्यामुळे एकच खातं, टेक्सास वर्कफोर्स कमिशनचं. एका तिमाहीत १,५०० डॉलर पगार दिला, किंवा वर्षात २० वेगवेगळ्या आठवड्यांत एक जरी माणूस कामाला असला, की मालक पात्र ठरतो, आणि तिथून १० दिवसांत नोंदणी करायची. नव्या मालकाचा दर २.७ टक्के किंवा त्या उद्योगाची सरासरी, यांतला जो जास्त असेल तो. २.७ धरला तर ९,००० वर २४३ डॉलर. फ्रँचायझ टॅक्स नावाचा एक कर आहे, पण २०२५ मध्ये २४.७ लाख डॉलरच्या आत उलाढाल असणाऱ्याला तो भरावा लागत नव्हता.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. कामावर इजा झाली तर पैसे देणारा कामगार भरपाई विमा टेक्सासमध्ये खासगी मालकांना ऐच्छिक आहे. ऐच्छिक असला तरी घ्या. खुर्चीवर बसून काम करणाऱ्या माणसासाठी तो स्वस्त असतो, आणि विमा नसलेल्या मालकावर कामगार थेट दावा लावू शकतो.

सॅन होजे

कॅलिफोर्निया म्हटलं की लोक आधीच हात वर करतात. बेकारी विम्यापुरतं बोलायचं तर ते खरं नाही. तिमाहीत १०० डॉलरच्या वर पगार दिला की १५ दिवसांत ईडीडीकडे, म्हणजे तिथल्या रोजगार खात्याकडे, नोंदणी करायची. नव्या मालकाला ७,००० डॉलरवर ३.४ टक्के म्हणजे २३८, आणि प्रशिक्षण कराचे ७. एकूण २४५ डॉलर. टेक्सासपेक्षा फक्त दोन डॉलर जास्त.

फरक पुढे पडतो. करोनाच्या काळात कॅलिफोर्नियाने बेकारी भत्त्यासाठी केंद्राकडून कर्ज घेतलं आणि ते फेडलं नाही, म्हणून तिथल्या मालकांची केंद्रीय बेकारी करातली सवलत दरवर्षी थोडी थोडी कापली जाते. इतर बहुतेक राज्यांत माणसामागे जिथे ४२ डॉलर लागतात तिथे २०२४ साठी १०५ लागले. कामगाराच्या पगारातून राज्याचा अपंगत्व विमा कापला जातो, २०२५ मध्ये १.२ टक्के, आणि २०२४ पासून त्याला पगाराची वरची मर्यादाच उरलेली नाही. आणि खरा खर्च पगारपत्रकाच्या बाहेर आहे. तिथे माणूस बसवला की आपली एलएलसी कॅलिफोर्नियात धंदा करते असं धरलं जातं, आणि वर्षाला किमान ८०० डॉलर कर लागतो. एका माणसासाठी मला हे परवडणारं वाटत नाही. तिथे गिऱ्हाईक असेल, पुढे तीन-चार माणसं घ्यायची असतील, तर गोष्ट वेगळी.

"१०९९ देऊन टाकू का?"

हा प्रश्न वहिनींनी नाही, त्यांच्या यजमानांनी विचारला. १०९९ हा कंत्राटदाराला दिलेल्या पैशांचा फॉर्म. माणूस कंत्राटदार दाखवला की नोंदणीच नको, हा त्यामागचा हिशेब. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया दोन्हीकडे एबीसी कसोटी आहे. माणूस आपल्या हुकमाखाली काम करत नाही, त्याचं काम आपल्या धंद्याच्या नेहमीच्या व्यवहाराबाहेरचं किंवा आपल्या जागेबाहेरचं आहे, आणि त्याचा स्वतःचा स्वतंत्र धंदा आहे, या तिन्ही गोष्टी मालकाने सिद्ध करायच्या. कॅलिफोर्नियात तर जागेबाहेरची ती पळवाटही नाही. वहिनींच्या किचनमध्ये, त्यांनी सांगितलेल्या वेळी, त्यांच्याच डब्यांसाठी पोळ्या लाटणारी बाई कंत्राटदार कशी होईल? तिने उद्या बेकारी भत्त्याचा अर्ज केला की राज्याचं कामगार खातं चौकशीला येतं आणि मागचे हप्ते व्याजदंडासह मागतं.

स्वतः करायचं की कुणाला द्यायचं

एकच राज्य आणि चार-पाच माणसं असतील तर राज्याची नोंदणी स्वतः करा आणि दर आठवड्याचा हिशेब पेरोल कंपनीकडे, म्हणजे पगार आणि कपातीचं काम करणाऱ्या कंपनीकडे, द्या. पेरोल कंपनी घेतली तरी राज्याचे खाते क्रमांक आपल्याच नावावर लागतात, आणि पहिल्या पगाराच्या आधी हातात हवेत. अर्ज आणि पहिला पगार यांत दोन-तीन आठवडे ठेवा. दोन राज्यं झाली की नोंदणीचं कामही त्यांच्याकडे देणं मला रास्त वाटतं. पीईओ, म्हणजे आपल्या माणसांची सह-मालक होणारी कंपनी, तीन-चार राज्यांत माणसं विखुरलेली असतील आणि आरोग्य विमाही द्यायचा असेल तर विचारात घ्यावी. दोन पोळपाटांच्या किचनला ती फार होते.

साध्या पेरोल कंपनीने पैसे भरले नाहीत तर जबाबदार आपणच राहतो. माझ्या एका ग्राहकाच्या पेरोल सेवेने राज्याच्या खात्याचा एक आकडा चुकवला आणि अख्ख्या तिमाहीचे पैसे भलत्याच खात्यात गेले. नोटिसा सेवेच्या पत्त्यावर जात राहिल्या, ग्राहकाला कळलं ते आठ महिन्यांनी. म्हणून सरकारदरबारी पत्ता आपलाच ठेवायचा, आणि दर तिमाहीला राज्याच्या संकेतस्थळावर स्वतः लॉगइन करून पैसे जमा झालेत का ते बघायचं. पाच मिनिटांचं काम आहे. कापलेला कर हा दुसऱ्याचा पैसा असतो. धंदा एलएलसी असला तरी त्यासाठी मालकाच्या स्वतःच्या मालमत्तेपर्यंत हात जाऊ शकतो.

वहिनींना मी डॅलसचं नाव सुचवलं होतं. त्यांचं मन फिलाडेल्फियाच्या बाईवर होतं. हिशेबाला चोख, आणि दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी तिने पूर्वी सांभाळलेल्या. मग आम्ही गणित उलटं मांडलं. ती घरून काम न करता ट्रेनने एडिसनला आली तर काम न्यू जर्सीतलं ठरतं, तिचाही एनजे-१६५ घेता येतो, आणि वहिनींना पेनसिल्व्हेनियात एकही खातं उघडावं लागत नाही. मात्र पेनसिल्व्हेनियाचा आयकर आणि फिलाडेल्फियाचा वेज टॅक्स तिला स्वतः भरावा लागेल, हे तिला आधीच स्पष्ट सांगायचं. वहिनींनी तिथूनच तिला फोन लावला, कराचं सांगितलं, आणि आठवड्यातून चार दिवस येण्याचं ठरलं. ट्रेनचा पास वहिनी देणार.

एनजे-१६५ च्या दोन प्रती तिथेच छापल्या. मुलाच्या प्रतीवर वहिनींच्या अंगठ्याचं पीठ लागलं, ते झटकून त्यांनी ती फाइलला लावली. फ्रिजवर महालक्ष्मी कॅलेंडर होतं. त्यात ३० एप्रिल, ३० जुलै आणि ३० ऑक्टोबरला त्यांनी लाल गोल केले आणि पुढच्या ३० जानेवारीसाठी मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं.